उत्पन्न वाढले की नदी आपोआप स्वच्छ होते का?

पाणंद (मूळ प्रश्न)

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, इचलकरंजीच्या खालच्या अंगाला आहे. घरी ऊस आहे आणि धाकटा भाऊ इचलकरंजीतल्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, जेट मशीनवर कामाला आहे. म्हणजे नदीत जे सोडले जाते त्याचा त्रासही आमच्याच घरात आणि त्यातून मिळणारा पगारही आमच्याच घरात. उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी अडले की त्यावर तपकिरी फेस धरतो, केंदाळ (जलपर्णी) या काठापासून त्या काठापर्यंत पसरते, आणि एखाद्या सकाळी पांढऱ्या पोटांचे मासे वर आलेले दिसतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा माझी मावशी तिथेच राहत होती. अजूनही ती उकळल्याशिवाय पाणी तोंडाला लावत नाही.

परवा तालुक्याच्या गावी एक व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी फळ्यावर उपड्या कढईसारखी एक रेघ काढली आणि सांगितले की देश गरीब असताना उद्योग वाढला की प्रदूषण वाढते, पण उत्पन्न एका पातळीच्या वर गेले की लोक स्वच्छता मागू लागतात, यंत्रे सुधारतात आणि रेघ खाली वळते. युरोपात आणि जपानमध्ये हेच घडले. त्यांचा निष्कर्ष असा की आताच नियमांचा बडगा उगारला तर कारखाने दुसऱ्या राज्यात जातील आणि पुढे नदी स्वच्छ करायला लागणारा पैसाच हाती राहणार नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मला मात्र शंका आहे. ही रेघ खरी असेल तर तिला खाली वळवते कोण, उत्पन्न की नियम? आणि नियम वळवत असेल, तर जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून असूनही आमच्या बंधाऱ्यावर त्याचा मागमूस का दिसत नाही?

आलेख

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि ही रेघ दरवर्षी फळ्यावर काढतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. रेघ काल्पनिक नाही. पण ती जेवढे सांगते त्याहून बरेच जास्त तिच्या तोंडी घातले गेले आहे.

अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये उत्पन्न आणि विषमता यांच्या संबंधाबद्दल असाच तर्क मांडला होता, म्हणून पुढे प्रदूषणाच्या रेघेलाही त्यांचे नाव चिकटले. प्रदूषणाचा अभ्यास मात्र ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा. मेक्सिकोशी मुक्त व्यापार केल्यास प्रदूषण वाढेल का, या अमेरिकेतल्या वादाच्या निमित्ताने त्यांनी १९९१ मध्ये निरनिराळ्या देशांतील शहरांच्या हवेचे आकडे तपासले. सल्फर डायऑक्साइड आणि धूर कमी उत्पन्नाच्या टप्प्यावर वाढतात आणि नंतर घटतात, असे त्यांना दिसले. १९९५ च्या लेखात त्यांनी नद्यांचेही आकडे घेतले, आणि बहुतेक प्रदूषकांचे वळण दरडोई ८,००० डॉलरच्या (१९८५ च्या किमतींनुसार) अलीकडे येते असा अंदाज दिला. व्याख्यानांतून हा आकडा हमखास सांगितला जातो. त्याच लेखात त्यांनी बजावले होते की ही प्रक्रिया आपोआप घडते असे मानायला काही आधार नाही, आणि उत्पन्न व स्वच्छता यांना जोडणारा सर्वांत बळकट दुवा म्हणजे लोकांच्या मागणीतून आलेली धोरणे. ते वाक्य सहसा गाळले जाते. तेव्हा रेघ कोण वळवते या तुमच्या प्रश्नाचे उत्तर रेघ शोधणाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे.

दुसरे असे की सगळी प्रदूषके या रेघेवर चालत नाहीत. जे आपल्याच नाकातोंडात जाते, डोळ्यांना दिसते आणि ज्याचा स्रोत बोट दाखवून सांगता येतो, ते लवकर वळते. कर्बवायूचे तसे झालेले नाही, घनकचऱ्याचेही नाही. जे दुसऱ्याच्या दारात ढकलता येते ते वळायला फार वेळ लागतो, आणि नदी ही तर ढकलण्याची सर्वांत सोपी वाट आहे. इचलकरंजीत २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, पण तिच्या निवडणुकीत खालच्या गावांना मत नाही. नफा वरच्या अंगाला आणि फेस खालच्या अंगाला असेल, तर वरच्यांचे उत्पन्न कितीही वाढले तरी त्यांच्याकडून मागणी का यावी?

जपानचे उदाहरण वक्त्यांनी दिले ते बरे केले, कारण तेच त्यांच्या विरुद्ध जाते. योक्काइची शहरात पेट्रोरसायन प्रकल्पांच्या धुराने लोकांना दमा जडला. १९७० मध्ये जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयी १४ कायदे केले. १९७२ मध्ये न्यायालयाने तिथल्या ६ कंपन्यांना एकत्रितपणे जबाबदार धरले. आणि १९७३ मध्ये रुग्णांना भरपाई देण्याचा कायदा झाला, ज्याचा बराचसा पैसा कारखान्यांनी सोडलेल्या गंधकाच्या प्रमाणात आकार लावून उभा केला गेला. गंधक सोडणे महाग झाले, म्हणून ते कमी झाले. चीनने २०१३ मध्ये हवेसाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला तेव्हा तो जपानइतका श्रीमंत मुळीच नव्हता, तरीही बीजिंगच्या हवेतील अतिसूक्ष्म कणांची (पीएम २.५) वार्षिक सरासरी घनमीटरला ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती ती २०१७ पर्यंत ५८ वर आली, आणि त्या सगळ्या वर्षांत देशाचा वाढीचा दर साडेसहा टक्क्यांच्या वरच होता. (बीजिंगचा मोठा पोलाद कारखाना त्याआधीच शेजारच्या हबेई प्रांतात हलवला गेला होता, हेही खरे. राजधानीची रेघ वळते तेव्हा शेजाऱ्याच्या रेघेचे काय झाले, हे पाहावेच लागते.)

‘आधी वाढ, मग स्वच्छता’ या क्रमात आणखी एक गफलत आहे. प्रदूषण हे वाढीचे नुसते उप-उत्पादन नाही. ते वाढीला आतून खाते. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, आणि अकाली मृत्यू व आजारपणामुळे बुडालेले उत्पादन देशांतर्गत उत्पन्नाच्या १.३६ टक्के होते. तुमच्या मावशीच्या उकळलेल्या पाण्याचा गॅस मात्र राष्ट्रीय उत्पन्नात खर्च म्हणून नव्हे, तर विक्री म्हणून जमा होतो.

वाफ आणि गाळ

आलेख सरांनी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसऱ्याचे मी देतो. कोकणातल्या एका रासायनिक वसाहतीत मी एकवीस वर्षे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र, चालवला. कंपनीचे आणि वसाहतीचे नाव सांगणार नाही.

सांडपाणी आधी समतोल टाकीत येते, तिथे आम्ल-अल्कली जुळवतात, मग चुना आणि तुरटी घालून गाळ बसवतात, आणि उरलेले पाणी जीवाणूंच्या टाकीत जाते. या टाकीला चोवीस तास हवा लागते. ती देणारे ब्लोअर हा ईटीपीतला सगळ्यात खादाड प्राणी. दोन ब्लोअर रात्री दहाला बंद करून पहाटे पाचला सुरू केले तर विजेत किती बचत होते, ते लेखा विभागाला तोंडपाठ असते. पण जीवाणूंना रात्रपाळीची सुट्टी ठाऊक नसते. हवा तुटली की ते मरू लागतात, सकाळी टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतो, आणि घडी पुन्हा बसायला आठवडा जातो. त्या आठवड्यात पाणी कुठे गेले असेल, हे सांगायला नको. बसलेला गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्रात पाठवायचा, तर त्याचे टनामागे पैसे. म्हणून गाळसुद्धा कागदावर कमी निघतो.

नमुने तपासणारी प्रयोगशाळा आम्हीच निवडायचो आणि तिचे बिलही आम्हीच भरायचो. नदीत सोडायच्या पाण्याला सीओडीची (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल, याचे माप) मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आमच्या फायलीतले अहवाल आजही डोळ्यांपुढे आहेत: २३८, २४४, २४१, २४६. एकवीस वर्षे पाणी मर्यादेच्या चार अंगुळे खालीच राहिले! ही आमच्याच कंपनीची गोष्ट असती तर मी लिहिलीही नसती. गुजरातमध्ये २००९ ते २०११ दरम्यान डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले, त्यांचे पैसे कारखान्याऐवजी एका सामायिक निधीतून दिले, आणि त्यांच्या काही नोंदी पुन्हा तपासल्या. ‘मर्यादेत आहे’ असा खोटा शेरा देण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे त्या कारखान्यांचे प्रदूषणही उतरले. कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. लेखापरीक्षक कोण नेमणार, पैसे कोण देणार आणि त्याचे काम कोण पुन्हा तपासणार, एवढेच बदलले होते.

आता शिक्षेचे. १९७४ च्या कायद्यात तुरुंगवास होता आणि कारखाना बंद करण्याचा अधिकार आहे. ऐकायला दोन्ही भयंकर. पण खटला वर्षानुवर्षे चालतो आणि बंदीने पाचशे कामगार घरी बसतात, म्हणून अधिकाऱ्याचा हात उचलत नाही. हाती एकच तोफ, आणि ती डासावर कशी डागायची? २०२४ च्या दुरुस्तीने बहुतेक कलमांतला तुरुंगवास काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला आहे. विचार योग्य दिशेचा आहे, पण हिशेब करून पाहा. समजा, एखादा कारखाना प्रक्रिया टाळून दिवसाला ४० हजार रुपये वाचवतो. तर सर्वांत मोठा दंड तो अडतीस दिवसांत वसूल करतो. किती दिवसांनी सापडेल, यावर सगळे अवलंबून आहे.

जॉबवर्क

मी प्रोसेस चालवणाऱ्यांपैकी आहे. वरचे सगळे वाचून आम्ही दैत्य आहोत असे कोणालाही वाटेल, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

कापड आमचे नसते. व्यापारी कोरे कापड आणून टाकतो आणि मीटरमागे ठरलेल्या दराने आम्ही ब्लीच, मर्सराइझ (कॉस्टिक सोड्याने चकाकी आणणे) आणि डाय करून देतो. दर पैशांत बोलला जातो. मी कॉस्टिकची परतप्राप्ती केली, पाणी नीट शुद्ध केले आणि दर थोडासा वाढवला, तर व्यापारी वाद घालत बसत नाही. त्याची पुढची गाडी दुसऱ्या गावाला जाते. नियम पाळणाऱ्याला गिऱ्हाईक गमवावे लागत असेल आणि न पाळणाऱ्याला मिळत असेल, तर नियम कडक करून काय होणार? पाळणारे तेवढे कमी होतील.

शिवाय नदीत फक्त आमचेच पाणी नाही. कोल्हापूर शहराचे मैलापाणी वर्षानुवर्षे नाल्यांतून पंचगंगेत आले आहे, काठच्या गावांचे येते, साखर कारखान्यांवरही वेळोवेळी बोट ठेवले गेले आहे. शहराला ‘उत्पादन बंद करा’ अशी नोटीस देता येत नाही, आम्हाला देता येते. मोठ्यांची गोष्ट तर निराळीच. औष्णिक वीज केंद्रांसाठी गंधकवायूचे मानक डिसेंबर २०१५ मध्ये आले, दोन वर्षांत पाळायचे होते, मग मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळाली, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. ज्यांनी वेळेत यंत्रणा बसवली त्यांना काय वाटले असेल?

सरसकट बंदीचाही अनुभव आहे. २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले गेले आणि ७० च्या वर गेलेल्या ४३ ठिकाणी जानेवारी २०१० पासून नव्या प्रकल्पांना आणि विस्ताराला स्थगिती आली. महाराष्ट्रात ८३.८८ गुणांचे चंद्रपूर सर्वांत वर होते. डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूरही यादीत होते. उद्देश चांगला असेल, पण त्यात घाण करणारा आणि स्वच्छ चालणारा दोघेही एकाच दोरीला बांधले गेले. उलट, जुना कारखाना तसाच चालू राहिला आणि नवी, कमी पाणी लागणारी यंत्रे आणू पाहणारा दारात अडला.

तिरुप्पूरचे उदाहरण नेहमी आमच्या तोंडावर फेकले जाते. तिथे नोय्यल नदी रंगली होती, शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो डाइंग घटक बंद करायला लावले. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही आधीची अट पाळली गेली नव्हती. ऑर्डरी गेल्या, माणसे गावी परतली, काही डाइंग दुसऱ्या जिल्ह्यांत पसरले. पुढे राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक केंद्रे उभी राहिली, मिठाचे पाणी गाळून पुन्हा डाइंगला वापरणे सुरू झाले. आज होजिअरीच्या निर्यातीत तिरुप्पूरच पुढे आहे, हे मी मान्य करतो. पण त्या पाण्याची वाफ करायला लागणारे इंधन जळते कुठे, आणि मधल्या काळात हप्ते थकून जे बुडाले ते कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही.

आलेख

जॉबवर्क यांचा पहिला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो नियमांच्या विरुद्ध नसून असमान नियमांच्या विरुद्ध आहे. सगळ्यांना एकाच वेळी खर्च आला की दर सगळ्यांचेच वाढतात आणि गाडी जायला दुसरे गाव उरत नाही. कारखाने नियमांमुळे पळतात, या भीतीबद्दल एवढेच सांगतो की बहुतेक उद्योगांत प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च एकूण खर्चाचा लहान भाग असतो, आणि जागा निवडताना वीज, पाणी, मजुरी व बाजारपेठ यांचे वजन त्याहून जास्त पडते. अतिशय घाण आणि कमी नफ्याच्या प्रक्रियांत मात्र पळापळ दिसते. डाइंग त्यांतच मोडते, म्हणून तुमची भीती अनाठायी नाही.

तापीकाठ

मी मूळचा धुळ्याकडचा, सुरतेत सतरा वर्षे आहे आणि एका डाइंग मिलचे बॉयलर सांभाळतो. नियम आणि धंदा एकत्र कसे चालू शकतात याचे एक उदाहरण आमच्याकडे घडले आहे, म्हणून लिहितो.

पूर्वी आमच्या चिमणीला एकच नियम होता: धुरात घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण नकोत. हा नियम धुराच्या दाटपणाचा आहे, एकूण धुराचा नाही. १४९ वर चोवीस तास बॉयलर चालवणारा निर्दोष, आणि १६० वर चार तास चालवणारा दोषी. पाण्याचेही तसेच: नळीत ताजे पाणी मिसळले की सीओडी २५० च्या खाली येतो, नदीत जाणारी घाण मात्र तेवढीच राहते.

२०१९ पासून सुरतेत वेगळी पद्धत आली. चिमणीत सतत मोजणारी यंत्रे बसवली, सगळ्या मिलनी मिळून किती किलो कण सोडायचे याची एकत्र मर्यादा ठरवली आणि तेवढेच परवाने काढले. ज्याने बॅग फिल्टर (धुरातले कण अडवणाऱ्या पिशव्या) नीट ठेवून धूर कमी केला त्याचे परवाने उरतात, ते तो विकतो. ज्याला जमले नाही तो विकत घेतो. किलोला किमान ५ आणि कमाल १०० रुपये अशी चौकट होती, आणि परवाने कमी पडले तर आधी भरलेल्या अनामतीतून भरपाई कापली जायची. ३१७ कारखान्यांपैकी १६२ चिठ्ठ्या टाकून या बाजारात घेतले गेले, उरलेले जुन्या नियमांखाली राहिले, म्हणून तुलना करता आली. बाजारातल्या कारखान्यांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी झाला, नियंत्रणाचा खर्च सुमारे ११ टक्क्यांनी उतरला, आणि ९९ टक्के वेळा कारखान्यांकडे सोडलेल्या धुराएवढे परवाने होते.

बॉयलरवर उभे राहून मला जो फरक दिसला तो असा. आधी फिल्टरची पिशवी फाटली तर मुकादम म्हणायचा, ‘दिवाळीच्या बंदमध्ये बदलू.’ आता फाटलेली पिशवी म्हणजे दर तासाला वितळणारे परवाने, म्हणून ती त्याच पाळीत बदलली जाते.

मात्र हे तसेच्या तसे पंचगंगेवर आणू नका. शहरातला धूर एकमेकांत मिसळतो, त्यामुळे इथल्या चिमणीऐवजी तिथल्या चिमणीने कमी केला तरी फार बिघडत नाही. नदीत वरच्या नाल्यावर परवाने साठले, तर त्या नाल्याखालचे गाव मरेल आणि हिशेब मात्र बरोबर येईल.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे काल रात्री भावाला वाचून दाखवले. ‘मीटरमागे दर’ या ओळीवर त्याने मान डोलावली आणि ‘२३८, २४४’ वर तो हसला. मी त्याला विचारले की तुमच्याकडे रोज किती किलो घाण बाहेर जाते, हे कोणाला ठाऊक असेल. तो म्हणाला की आत येणाऱ्या पाण्याला मीटर आहे आणि बाहेर जाणाऱ्यालाही आहे. दोन्हींचे आकडे एकाच वहीत लिहितात, पण त्यांची वजाबाकी करताना त्याने कोणाला पाहिलेले नाही. पुढच्या महिन्यात आमची ग्रामसभा आहे. ‘नदी वाचवा’ असा ठराव दरवर्षी होतोच. यंदा एखादा आकडा मागायचा आहे. एकच मागता येणार असेल, तर कोणता मागू?

वाफ आणि गाळ

सीओडीचा अहवाल मागू नका, तो २४० च येईल. ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर आहे का ते विचारा, आणि असेल तर ब्लोअरच्या मीटरच्या रात्री दहा आणि पहाटे पाचच्या नोंदी महिनाभराच्या मागा. पाण्यात पाणी मिसळता येते. पण ब्लोअर बंद ठेवून त्याचा मीटर महिनाभर फिरता ठेवणे मला एकवीस वर्षांत जमले नाही.